कोपऱ्यातली ‘सही’ आणि माझे १२,०५० रुपये

मी सांगलीत हळदीच्या अडतीवर २२ वर्षं दिवाणजी आहे. पोत्यात हात घातला की माल ओला आहे का वाळका ते कळतं मला. असा माणूस एका कागदाला फसला, तेव्हा हसायचं तर आधीच हसून घ्या.

२०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागातल्या आमच्या घरात अल्बमचा नुसता लगदा झाला. आईचा एकच धड फोटो राहिला, तोही ताईकडं मिरजेला होता म्हणून. १९९७ चा, मामाच्या कॅमेऱ्यातला. आई खाली बसून काटवटीत भाकरी थापतीये, मागं मांडणीवर डबे, दारात दादा बशीतनं चहा पितायत. कुणी पोज दिलेली नाही, आमचं घर जसं होतं तसं. नवीन फ्लॅटच्या हॉलला ह्याचंच मोठं पेन्सिल चित्र लावायचं असं डोक्यात बसलेलं. लहानपणी शाळेच्या सहलीत औंधच्या संग्रहालयात रविवर्मा बघितलेला, तेव्हापासनं हातानं काढलेल्या चित्राचं एक वेड आहे, प्रिंट नकोच होती मला.

फेसबुकवर एक जण भेटला. ‘घरगुती जीवनाची वास्तववादी रेखाचित्रं’, चूल, जातं, नातवाला तेल लावणारी आजी, अशी एकाहून एक. व्हिडिओत हात चालताना दिसायचा, कुणाचा ते देव जाणे. बोलायला इतका गोड, मला दादा आणि आईला ‘माउली’. साईज दोन फूट बाय तीन फूट, अॅडव्हान्स ३,००० दिले. आठ दिवसांनी ‘अर्धं झालं’ म्हणून फोटो आला, डावी बाजू कोरी, उजवी पूर्ण. ५,५०० पाठवले. मग काच-फ्रेमचे २,४००. शेवटी कुरिअरचा इन्शुरन्स १,१५०, परत मिळणारे. तुम्हाला पुढचं कळलंच असेल, मला मात्र तेव्हा कळलं नाही.

त्या अर्ध्या चित्राच्या फोटोवर मी रोज रात्री परत परत जातो. उजव्या कोपऱ्यात खाली बारीक वळणदार रेघोट्या होत्या आणि मी त्याला काय लिहिलं, तर ‘सही पण काय झोकात आहे हो तुमची!’ त्यानं हात जोडलेला इमोजी पाठवला. अहो, अर्धं चित्र कोरं असताना सही कोण करतं? आणि ती सही नव्हतीच. जुन्या कॅमेऱ्याच्या फोटोवर कोपऱ्यात नारिंगी तारीख यायची ना, ती होती. फोटोचं पेन्सिल चित्र करणारं अॅप असतं, त्यानं फोटोची पेन्सिल केली तशी तारखेचीही केली. फोटो मीच पाठवलेला, तारीख मला पाठ असायला पाहिजे होती. डब्यावरचा फ्लॅशचा पांढरा गोळासुद्धा जसाच्या तसा होता, त्याला मी ‘काय बारकाई!’ म्हणालो.

फ्रेम आल्यावर ताईनं एका मिनिटात ओळखलं. ‘अरे, हा फोटोच आहे की, तारखेसकट.’ मागची पट्टी उचकटून ओलं बोट फिरवलं तर निळसर शाई पसरली. भिंगातनं बघितलं तर ठिपकेच ठिपके. खरी पेन्सिल तिरक्या उजेडात चमकते आणि बोटाला काळं लागतं, हे आता कळून काय उपयोग. तुम्ही तरी पैसे द्यायच्या आधी व्हिडिओ कॉलवर तेवढं करून दाखवायला सांगा. काच मारून आलेलं चित्र घेऊच नका, काचेआड हे सगळं लपून जातं.

आता तुम्ही म्हणाल तक्रार का नाही केली. केली की! १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नंबरचा मेसेज आला, त्यापुढं काही नाही. बँकेत गेलो तर ‘पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार’. पोलीस ठाण्यात सांगितलं सायबरला जा, सायबरला सांगितलं ठाण्यात जा, दोन्हीकडं झेरॉक्स मागितल्या, झेरॉक्सचेच ८० रुपये गेले. एक साहेब तर फ्रेम बघून म्हणाले, ‘चांगलं आलंय की, वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?’ मी म्हटलं साहेब, पूर्वीचं ४२० म्हणजे आताचं कलम ३१८ ना, हातानं काढलेलं म्हणून छापील गळ्यात मारलं तर ते बसत नाही का त्यात? तर म्हणाले, ‘तुम्ही वकील आहात का?’ दीड तास बाकावर बसवलं, चहा त्यांनीच प्यायला. १२ हजारांसाठी कोण हलतोय, आणि असे शंभर १२ हजार तो माणूस गोळा करत असणार हे त्यांना दिसत नाही. पैसे थोडे थोडे का मागितले ते आता कळतंय.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, हे मला एकाही सरकारी माणसानं सांगितलं नाही, अडतीवरच्या हमालाच्या पोरानं सांगितलं. चॅट डिलीट करू नका. मी रागात अर्धं केलं, ते एक अजून नडतंय.

बायको म्हणत होती, झालं ते झालं, लिहून कशाला शोभा करून घेताय. पण परवा त्याचं नवीन पेज दिसलं. नाव वेगळं, ३०% सूट, आणि नमुना म्हणून वरच लावलंय ते चित्र. आमची आई भाकरी थापतीये, खाली कोपऱ्यात ‘सही’. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘किती जिवंत!’