‘रेसिडेंट ईव्हिल ४’ : जुना घ्यावा की नवा?

‘रेसिडेंट ईव्हिल ४’ या भीतीच्या व्हिडिओ गेमबद्दल दर सेलला हा प्रश्न येतोच. २००५ चा जुना चहापाण्याच्या खर्चात मिळतोय, २०२३ चा नवा, म्हणजे तोच खेळ नव्याने बनवलेला, त्याच्या कितीतरी पट महाग आहे, तर कुठला घेऊ? ग्राफिक्स वगैरे तुम्ही यूट्यूबवर पाहिलंच असेल, त्यात मी शिरत नाही. दोन्ही पूर्ण केलेत. जुना किती वेळा, ते सांगायला लाज वाटते.

जुन्याशी माझी गाठ पडली ती २००७ च्या पीसी आवृत्तीतून. तिच्यात माउस चालतच नसे. नेम धरायचा तो कीबोर्डवर, आणि पडद्यावर ‘अमुक नंबरचं बटण दाबा’ असं यायचं. ते बटण कीबोर्डवर कुठलं, हे कळेपर्यंत लिऑन, म्हणजे आपण ज्याला खेळवतो तो अमेरिकी एजंट, दगडाखाली चिरडलेला असायचा. तरी खेळलो. बंदूक रोखली की पाय जागेवर रुतायचे, पुढून चारपाच गावकरी कोयते घेऊन यायचे, आणि त्या रुतण्यातच सगळी भीती होती. नव्यात चालता चालता गोळी झाडता येते, कोयत्याचा वार सुरीने अडवता येतो. हात सुखावतात, पण पोटातला गोळा थोडा लहान होतो. हा गुण मी जुन्यालाच देईन.

आता ज्यावरून जास्त वाद होतात तो भाग. जुन्यात चावटपणा आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची मुलगी, जिला सोडवायला लिऑन आलेला असतो ती, अ‍ॅशली वाटेत भेटलेल्या लुईससमोर पहिल्यांदा येते तेव्हा तो तिच्या छातीवरून शेरा मारतो. ती शिडीवर असताना खालून कॅमेरा वर केला की ती लिऑनला आंबटशौकीन ठरवते, म्हणजे बनवणाऱ्यांनी तुम्ही तसं कराल हे गृहीत धरून वाक्य आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं. वायरलेसवरून लिऑनला सूचना देणारी हनिगन चष्म्याशिवाय दिसली की लिऑन तिचा नंबर मागतो. शेवटी अ‍ॅशलीच त्याला ‘ओव्हरटाइम’ सुचवते. २०२१ मध्ये व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायची) आवृत्ती आली तेव्हा यातलं बरंचसं कापलं गेलं आणि जुन्या चाहत्यांनी आरडाओरड केली. नव्यात तर हे जवळजवळ नाहीच. अ‍ॅशलीच्या अंगावर जाकीट आलं, आणि हेर एडा वाँगचा लाल झगा जाऊन लाल लोकरी पोशाख आला. थंड रात्री डोंगरात हिंडणारी बाई असं काही घालेल, हे निदान पटतं.

खरं सांगायचं तर या वाक्यांनी माझा निकाल लागला नाही. एकवीस-बावीसाव्या वर्षी मी त्यावर हसलोही होतो. आज ऐकताना अंग जरा चोरलं जातं, इतकंच. कुणाला ती काढलेली आवडतील, कुणाला नाही. दोघांशीही माझं भांडण नाही.

निकाल लागला तो एका हिरव्या पट्टीवरून. जुन्यात अ‍ॅशली सोबत आली की लिऑनच्या आयुष्याच्या पट्टीखाली तिची दुसरी पट्टी दिसू लागते. तिला औषधी पाला आपणच द्यायचा, तोही आपल्याच सामानाच्या पेटीतून. पट्टीची लांबी वाढवणारा पिवळा पाला सापडला की धर्मसंकट: तो कुणाला द्यायचा? तिला हुकूम तीनच: थांब, ये, आणि जिथे सोय असेल तिथे लप. ही लपायची सोय म्हणजे कचऱ्याचा डबा. आपण लढायचं आणि ती झाकणाखाली. आपली नजर चुकली की गावकरी तिला पोत्यासारखं खांद्यावर टाकून दाराकडे निघतात. दार ओलांडलं की खेळ संपला. आणि या सगळ्याला तिचं ते ‘लिऑऽऽन! हेल्प!’. संध्याकाळी स्वयंपाकघरातून आई विचारायची, “अरे, ती पोरगी कोण ओरडतेय मघापासून?”

न्यायाने हेही सांगायला हवं की जुन्या अ‍ॅशलीची अक्कल त्या काळाच्या मानाने उत्तम होती. आपण तिच्या दिशेने बंदूक रोखली की ती पटकन खाली वाकते. आजच्या कित्येक गेममधल्या सोबत्यांना हे जमत नाही. म्हणजे घोटाळा तिला लिहिण्यात होता.

हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. गेल्या दिवाळीत भाची आली होती, कॉलेजात आहे, हात माझ्यापेक्षा चलाख. आधी जुना लावून दिला, म्हटलं मूळ बघ. चावट वाक्यांवर तिने नुसती भुवई उडवली. पण कचऱ्याचा डबा आला तेव्हा कंट्रोलर खाली ठेवून म्हणाली, “मामा, ही माणूस आहे की लगेज?” मी तांत्रिक कारणं सांगायला लागलो, मग माझं मलाच हसू आलं. कारण जुने खेळाडू दुसऱ्या फेरीत काय करायचे? अ‍ॅशलीला लोखंडी चिलखत चढवायचे. मग तिला काही होत नाही, आणि गावकऱ्याने उचलायला घेतलं तर त्याचीच कंबर मोडते. आम्ही सगळ्यांनी एकमताने तिला कुलूपबंद ट्रंक केलं होतं आणि खूश होतो.

नव्यात ती पट्टीच नाही. जोराचा मार बसला की अ‍ॅशली खाली बसते, आपण जाऊन उठवायचं. तशा अवस्थेत पुन्हा वार झाला तरच मरते. पाला सगळा आपला. हुकूम दोन: जवळ राहा, लांब राहा. काही ठिकाणी कपाटात लपवता येतं, पण तो अपवाद. उचलून नेणं, ओरडणं तसंच आहे, म्हणजे धोका गेलेला नाही. फक्त ती अधूनमधून नेम चांगला लागला म्हणून शाबासकी देते, पुढे लोखंडी गोळ्याची क्रेन चालवून भिंत फोडते, आणि शेवटी लिऑन तिला सांगतो की तू स्वतःला सांभाळू शकतेस. जुन्यातही ती एकदा बुलडोझर चालवते आणि किल्ल्यात एकटीने एक पूर्ण प्रसंग निभावते, हे विसरू नका. पण ते संपलं की पुन्हा पेटीतला पाला.

नव्याच्या विरोधात माझी एक कुरकुर आहेच. झाडू मारताना थोडी गंमतही गेली. जुन्यात किल्ल्याचा तो बुटका मालक सालाझार मध्येच वायरलेस बळकावून लिऑनला डिवचायचा, लिऑनही उलट टोमणे मारायचा, त्यात कुणाचा अपमान नव्हता. तो फाजीलपणा पातळ झालाय. शिवाय सोवळं ठरवण्याची रीत मजेशीर आहे: शिडीखालची नजर चालत नाही, पण कुऱ्हाडीने होणारी चिरफाड आता आधीपेक्षा बारकाईने दिसते. आणि स्पेनच्या खेड्यातले लोक? जुन्यात ते मेक्सिकोच्या वळणाचं स्पॅनिश बोलतात, म्हणजे सांगलीच्या गावात सगळे नागपुरी बोलावेत तसं. नव्यात उच्चार बराच जागेवर आलाय. गेममध्ये शस्त्रं विकणारा व्यापारी मात्र अजून पेसेटा हे स्पेनचं जुनं चलनच घेतो. २००२ मध्येच तिथे युरोच्या नोटा आल्या आणि गोष्ट घडते २००४ मध्ये.

आधी कुठलाच खेळला नसाल तर माझ्या मते नवा घ्या, सेलची वाट पाहावी लागली तरी. ‘सेपरेट वेज’ हा एडाचा भाग नव्याच्या साध्या आवृत्तीत नाही, वेगळा विकत घ्यावा लागतो, तो नंतर घेतला तरी चालेल. जुना ज्यांनी तेव्हा खेळलाय त्यांना मी काय सांगणार, त्यांच्याकडे तो असणारच. माझ्याकडेही आहे; रुतलेल्या पायांची आठवण आली की पहिलं गाव खेळतो, अ‍ॅशली भेटायच्या आधीचं, आणि चर्चच्या दाराशी सेव्ह करून बंद करतो. भाची तर त्या डब्यापाशीच थांबली. नवा मात्र तिने चार दिवसांत संपवला आणि फराळाचा डबा घेऊन गेली.