टेनेसीतील तिसरीचा उन्हाळी वाचनवर्ग: शिकवणी उत्तम, कारभार सुमार

टेनेसी राज्यात तिसरीच्या मुलांना चौथीत पाठवायचे की त्याच वर्गात पुन्हा बसवायचे, हे टीकॅप या राज्याच्या वार्षिक परीक्षेतील इंग्रजी भाषेच्या निकालावरून ठरवणारा कायदा 2021 साली झाला आणि 2022-23 या शालेय वर्षापासून तो लागू झाला. आमच्या मुलीचा निकाल ‘अप्रोचिंग’, म्हणजे अपेक्षित पातळीच्या एक पायरी खाली लागला आणि फेरपरीक्षेतही ती पायरी चढली गेली नाही, म्हणून तिला शाळेच्या मोफत उन्हाळी वर्गात घातले.

शिकवण्याबद्दल तक्रारीला जागा नाही. घरी बाराखडी गिरवल्यामुळे दिसेल तसे वाचायचे, ही तिची सवय. त्यामुळे ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे ‘थ्रू’, ‘दो’ आणि ‘टफ’ या तीन शब्दांत तीन निरनिराळे आवाज काढतात, हे तिला फसवणुकीसारखे वाटे. बाईंनी तिला एकेका आवाजाला एकेक बोट टेबलावर टेकवत शब्द फोडायला शिकवले. आता ती जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटे टेकवते. वर्गात जेमतेम दहा-बारा मुले असल्याने अडखळणाऱ्या मुलाकडे बाईंचे लगेच लक्ष जाई.

जाच आहे तो अटींचा. चौथीत जायचे तर नव्वद टक्के हजेरी आणि वर्गाच्या शेवटच्या चाचणीत पुरेशी प्रगती, असे दोन्ही हवे. वीस दिवसांच्या वर्गात दोनच खाडे चालतात आणि ते दोन्ही पहिल्याच आठवड्यात तापात गेले, तेव्हा उरलेले दिवस आम्ही तिच्या प्रत्येक शिंकेला दचकत काढले. पुण्याची जूनमधली तिकिटे तर आधीच रद्द केली होती. आजी-आजोबांची भेट राहिली ती राहिलीच.

‘अप्रोचिंग’ मुलांना उन्हाळी वर्गाऐवजी चौथीत वर्षभर शिकवणी घेऊनही पुढे जाता येते (त्याहून खालचा ‘बिलो’ शेरा असल्यास मात्र दोन्ही करावे लागते), ही गोष्ट शाळेकडून आलेल्या पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापली होती आणि ती आमच्या लक्षात आली तिकिटे रद्द झाल्यावर. कायद्याच्या पहिल्या वर्षी सुमारे 60 टक्के मुले अपेक्षित पातळीच्या खाली राहिली, पण प्रत्यक्षात तिसरीत राहिली ती सुमारे एक टक्का, हेही कोणी सांगितले असते तर आमची झोप उडाली नसती.

शिकवण्याला पाचपैकी साडेचार, पत्रव्यवहाराला दीड. मुलीला पाठवायचेच असेल तर खुशाल पाठवा, मात्र पत्र आले की आधी ते उलटून पाहा.