लिथियम की लेड-अ‍ॅसिड: मोटरसायकलच्या बॅटरीचा चौदा महिन्यांचा अनुभव

माझी मोटरसायकल दोनशे सीसी वर्गातली, बीएस ६ इंजिनाची आणि किक नसलेली आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला मी बसने जात असल्यामुळे ती बहुतेक वेळ खानापूर तालुक्यातल्या घरीच असते. सुट्टीला जांबोटी-कणकुंबीकडे एखादी फेरी होते आणि जून ते ऑगस्ट ती पडवीत उभी राहते, कारण आमच्याकडचा पाऊस त्या तीन महिन्यांत हौसेने गाडी बाहेर काढू देत नाही. गाडीबरोबर आलेली 12 व्होल्ट 9 अँपिअर-तासाची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी तिसऱ्या पावसाळ्यानंतर चार्ज धरेनाशी झाली. त्या बॅटरीच्या साधारण तिप्पट किंमत मोजून मी लिथियमची बॅटरी बसवली, त्याला आता चौदा महिने झाले.

बॅटरीवर ठळक अक्षरांत ‘9’ छापलेले आहे, मात्र तो आकडा लेड-अ‍ॅसिडशी तुलना करून दिलेला आहे. सेल्फ मारण्याच्या ताकदीत ती 9 अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीइतकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्ष क्षमता खाली बारीक अक्षरांत लिहिली आहे आणि ती केवळ 4 अँपिअर-तास आहे. खरेदीच्या वेळी मी ती ओळ वाचली नाही. पुढे जे घडले ते त्या न वाचलेल्या ओळीमुळेच.

डिसेंबरात कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाजवळ गाडी लावून मी देवळात गेलो आणि किल्ली चालूच राहिली. आमच्या गाडीचा हेडलाइट किल्लीबरोबर पेटतो. तो, टेललाइट आणि इतर किरकोळ भार मिळून चार अँपिअरच्या आसपास करंट जातो, म्हणजे तासाभरात सगळे संपले. शिशाच्या बॅटरीत तेवढ्या वेळानंतर निम्म्याच्या आसपास शिल्लक राहिली असती, आणि नसती राहिली तरी दिवे मंद झाले असते, सेल्फचे बटण दाबल्यावर रिले टक्-टक् वाजला असता. इथे मी परत आलो तेव्हा मीटर पूर्ण काळा होता आणि किल्ली फिरवूनही काडीचा आवाज नव्हता. बॅटरीच्या आतील संरक्षक सर्किटने सेल अगदी रिकामे होऊ नयेत म्हणून सगळेच तोडून टाकले होते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपालाच वीज लागत असल्यामुळे उतारावर ढकलूनही काही उपयोग झाला नाही. शेवटी गोव्याला निघालेल्या एका सद्गृहस्थांनी आपल्या कारचे इंजिन बंद ठेवून जंप केबल लावू दिली, तेव्हा गाडी सुरू झाली.

त्यानंतर मी मल्टिमीटर घेऊन बसलो. किल्ली बंद असतानाही घड्याळ आणि इसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) थोडा करंट खातात. बॅटरीची ऋण तार सोडून मध्ये मीटर जोडला तेव्हा तो 3 मिलिअँपिअर दिसला. दिवसाला 0.072, महिन्याला सव्वादोन अँपिअर-तास. चोरीच्या भीतीने लावलेला जीपीएस ट्रॅकर जोडल्यावर तोच आकडा 12 मिलिअँपिअरवर गेला आणि मग चार अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवडेसुद्धा पुरत नाही. जुनी बॅटरी तीन पावसाळ्यांतच का गेली, हेही मला तेव्हा उमगले: अर्धवट उतरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने उभी राहिल्याने तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसले होते. म्हणजे ज्या दोषासाठी मी बॅटरीला बोल लावत होतो, तो निम्मा ट्रॅकरचा आणि निम्मा माझा होता.

गेल्या पावसाळ्यात ऋण तार सोडून ठेवली होती. जूनच्या सुरुवातीला 13.3 व्होल्ट, सप्टेंबरला 13.3 व्होल्ट, आणि पहिल्याच बटणाला इंजिन सुरू. मात्र या आकड्यावर फार विसंबू नये. शिशाची बॅटरी विश्रांतीत 12.7 दाखवते तेव्हा भरलेली आणि 12.2 दाखवते तेव्हा साधारण निम्मी असते; माझ्या बॅटरीतल्या लिथियम आयर्न फॉस्फेटचे व्होल्टेज भरल्यापासून जवळजवळ रिकामी होईपर्यंत 13.2च्या आसपासच रेंगाळते आणि शेवटी एकदम कोसळते. ती किती भरली आहे हे घरच्या मीटरवर कळत नाही, ही माझ्या मते तिची सर्वांत मोठी अडचण आहे.

बसवण्यापूर्वी आमच्या मेकॅनिकने एक गोष्ट आग्रहाने केली, ती म्हणजे इंजिन पाच हजार आरपीएमला धरून बॅटरीच्या टर्मिनलवर चार्जिंगचे व्होल्टेज मोजले. ते 14.3 भरले, म्हणून त्याने होकार दिला. माझ्या मावसभावाच्या जुन्या गाडीत 15.1 दिसले, तेव्हा मेकॅनिकने लिथियमला साफ नकार देऊन आधी चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बदलायला सांगितले. तेवढे व्होल्टेज शिशाची बॅटरी पाणी आटवत काही काळ सहन करते, लिथियमचे सेल मात्र खराब होतात. जुन्या बॅटऱ्यांचे सल्फेट काढण्याची पल्स देणारे चार्जरही हिला लावू नयेत. मला वेगळा चार्जर घ्यावा लागला आणि तो खर्च किमतीत धरला पाहिजे.

थंडीचा त्रास नाममात्र आहे. शून्याखाली लिथियम चार्ज करू नये हे खरे, पण आपल्याकडे पौषातही पारा तिथवर उतरत नाही. पहाटे पहिला सेल्फ किंचित आळशी लागतो. अर्धा मिनिट हेडलाइट पेटता ठेवला की दुसरा तडफदार लागतो. वजन दोन किलोंनी कमी झाले, पण चालवताना मला ते जाणवले नाही. बेळगावहून येताना कुंद्याचे दोन डबे घेतले की हिशेब पूर्ववत होतो. ‘मोबाइलसारखी फुटेल’ ही शेजाऱ्यांची भीती मात्र अनाठायी आहे, कारण हे रसायन मोबाइलमधल्यापेक्षा उष्णतेला बरेच स्थिर असते. बॅटरी आकाराने लहान असल्याने जांबोटी रस्त्यावरच्या खड्ड्यांत ती खणात हलू लागली होती. फोमचे तुकडे घालून टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळावे लागले.

जुनी शिशाची बॅटरी दुकानदाराने वजनावर घेऊन नव्या बॅटरीच्या बिलातून रक्कम वजा केली. लिथियमची संपल्यावर घ्याल का, असे विचारल्यावर त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. 2022च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण तालुक्याच्या गावी ती कोणाकडे सोपवायची याचे उत्तर मला त्या दुकानात मिळाले नाही.

यंदाही ऋण तार सोडून गाडी पडवीत लावली आहे आणि ट्रॅकर काढून टाकला आहे. मावसभावाने रेग्युलेटर बदलला, पण तो रोज निपाणीला जाऊन येतो, त्याची गाडी कधी उभीच राहत नाही. त्याने शिशाचीच बॅटरी घातली आणि मीही त्याला दुसरे काही सुचवले नाही.