मादागास्करचा अमोनाइट की मोरोक्कोचा ऑर्थोसेरास? पहिला नमुना निवडताना

खानदेशात विहीर खणताना गारगोट्या निघतात, अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या, कप्प्याकप्प्यांच्या कवचाच्या नामशेष सागरी प्राण्याचा जीवाश्म, निघत नाही. आपला काळा कातळ लाव्हारसाचा आहे आणि या जीवाश्मासाठी समुद्रतळाशी साचलेला खडक लागतो. हा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, अमोनाइट नामशेष झाले. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशातल्या बाघ गावाच्या परिसरात सागरी थर आहेत, परंतु तिथल्या संरक्षित क्षेत्रातून खडाही उचलू नये. म्हणून जळगाव-धुळ्याच्या संग्राहकाला पहिला नमुना बहुधा विकतच घ्यावा लागतो.

मादागास्करचा अमोनाइट सुमारे ११ कोटी वर्षांचा असून बहुतेकदा मधोमध कापून, घासून, जोडीने मिळतो. माझ्याकडच्या अर्ध्या भागात आतले कप्पे मधाच्या रंगाच्या कॅल्साइट या खनिजाने भरले आहेत, तर बाहेरच्या वेढ्यातील दोन कप्प्यांत राखाडी गाळ बसला आहे. कवच तिथेच फुटले असावे. कप्प्यांना जोडणारी नळी बाहेरच्या कडेने जाते. पाठीवर वरचे कवच निघालेले असेल, तर कप्प्यांमधल्या पडद्यांच्या सांध्याची पानाच्या कातरलेल्या कडेसारखी रेघ दिसते, आणि अमोनाइटची खरी ओळख तीच. ती दिसणारा नमुना थोडा महाग पडला तरी घ्यावा.

मोरोक्कोच्या काळ्या चुनखडीतला सरळ, निमुळता ऑर्थोसेरास त्याहून कितीतरी जुना, सुमारे ४० कोटी वर्षांचा आहे. तो नॉटिलसच्या, म्हणजे कप्प्यांचे कवच असलेल्या व आजही समुद्रात आढळणाऱ्या प्राण्याच्या गोतातला. त्याचे पडदे बशीसारखे साधे असतात आणि नळी सहसा मध्यातून जाते. मात्र बाजारात हे नाव अनेक सरळ कवचांना सरसकट दिले जाते. एकाच लादीवर ओळीने मांडलेले, सारख्याच रेखीव कडांचे दहा जीवाश्म दिसले, तर तुकडे चिकटवलेले किंवा रंगवलेले असण्याची शक्यता मोठी. भिंगाखाली डिंकातले बुडबुडे दिसतात. नवशिक्याला ही पारख अवघड जाते, म्हणून पहिल्या खेपेस मी मादागास्करचीच जोडी सुचवेन, आणि ऑर्थोसेरास नंतर, एकटा व कमी घासलेला घ्यावा.

नेपाळच्या गंडकीतला शाळिग्राम हाही बहुधा अमोनाइटच, पण देवघरातला शाळिग्राम संग्रहासाठी फोडण्याचा विचार मनात आणू नये.

पायराइट या सोनेरी, लोह-गंधकाच्या खनिजाचे अमोनाइट कितीही मोहक वाटले तरी पावसाळी दमटपणात ते भुगा होऊन झडतात. घेतलेच, तर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, आणि कुठल्या गावच्या थरातून आले ते विक्रेत्याकडून त्याच वेळी लिहून घ्यावे.