‘टोकन टाका, सीट पक्की’: नीटच्या निकालानंतर पुण्यात पालक कसे फसतात

नीटचा, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की दोन-तीन दिवसांत एजंटांचे फोन सुरू होतात. समोरच्याला मुलीचं नाव, मार्क, कॅटेगरी सगळं ठाऊक असतं, आणि आईवडील तिथेच अर्धे विरघळतात. एवढी माहिती आहे म्हणजे माणूस आतला असणार! प्रत्यक्षात नाव-नंबर क्लासच्या मोफत सेमिनारच्या फॉर्मवरून गेलेले असतात आणि मार्क मुलीनेच एखाद्या फुकट ‘रँक प्रेडिक्टर’वर टाकलेले असतात.

सिंहगड रोडवरच्या एका घरातलं उदाहरण घ्या. मार्क असे, की सरकारी कॉलेजची आशा नाही आणि आशा सोडवतही नाही. बाणेरला एका काचेच्या केबिनमध्ये वडिलांना सांगण्यात आलं, “साहेब, मॅनेजमेंटची सीट आहे, ट्रस्टींशी आपलं डायरेक्ट बोलणं झालंय. दोन लाख टोकन टाका, बाकीचे ॲडमिशन झाल्यावर.” दोन लाख रोख गेले. पावती मिळाली ‘करिअर मार्गदर्शन शुल्क’ अशी. कॉलेजचं नाव तिच्यावर कुठेही नव्हतं. पाठोपाठ ‘व्हेरिफिकेशन’साठी दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं आणि प्रवेशाच्या पोर्टलवरच्या लॉगिनचा पासवर्डही मागून घेतला.

ट्रस्टीच्या खिशात सीट नसते. महाराष्ट्रातल्या खासगी मेडिकल कॉलेजांच्या 85 टक्के जागा राज्याच्या सीईटी कक्षामार्फत, म्हणजे प्रवेशाचं काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या पोर्टलवर भरतात. उरलेल्या 15 टक्के संस्थास्तरीय कोट्याच्या, म्हणजे लोक ज्याला मॅनेजमेंट म्हणतात त्या जागाही त्याच पोर्टलवर, नीटच्या रँकनेच जातात. फक्त त्यांची फी जास्त असते. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या सगळ्या जागा दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी भरते. भारती विद्यापीठ आणि पिंपरीचं डी. वाय. पाटील यांचे प्रवेश त्यातच येतात. ‘शेवटच्या राउंडला कॉलेज हाताने देतं’ हे वाक्यही जुन्या काळातलं आहे. 2023 च्या पदवी वैद्यकीय शिक्षण नियमावलीनंतर कॉलेजला समुपदेशनाबाहेर, म्हणजे या सरकारी प्रवेश फेऱ्यांबाहेर, प्रवेश देता येत नाही.

मग काही जणांचं काम होतं ते कसं? इथेच या धंद्याची खरी गोम आहे. एजंट दहा जणांकडून टोकन घेतो आणि गप्प बसतो. त्यातल्या दोघा-तिघांना त्यांच्याच रँकवर जागा मिळते. ती पोरं पेढे घेऊन त्याच्याकडे जातात आणि पुढच्या वर्षी त्याची जाहिरात करतात. बाकीच्यांना ‘वरून नावं बदलली’ असं सांगून झुलवायचं. जो फार आवाज करतो त्याला थोडे पैसे परत, जो लाजतो त्याचे बुडाले. यात सेटिंग काहीच नसतं. दुसऱ्याच्या पैशावर लावलेली ही पैज आहे, आणि हरली तरी त्याच्या खिशातून काही जात नाही.

त्या कुटुंबाचं नुकसान मात्र टोकनवर थांबलं नाही. एमसीसीत अभिमत विद्यापीठांसाठी नोंदणी करताना 2 लाख अनामत आणि 5,000 रुपये ना-परतावा शुल्क भरावं लागतं. (फक्त सरकारी कॉलेजांच्या 15 टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या गटाला अनामत 10,000 आहे, हा फरक अर्ज करताना बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.) एजंटने पसंतीक्रमात वाटेल ती अभिमत कॉलेजं भरून यादी लॉक केली. दुसऱ्या फेरीत परराज्यातली जागा लागली. फी वर्षाला वीस लाखांच्या वर, घर विकायची तयारी नाही, म्हणून प्रवेश घेतला नाही. पहिल्या फेरीत जागा सोडली तर काही जात नाही. दुसऱ्या फेरीत लागलेली जागा नाकारली की अनामत जप्त होते. तीही गेली. वर एजंट म्हणाला, “सीट मिळवून दिली, तुम्हीच घेतली नाही.” टोकन परत करायचा प्रश्नच मिटला.

म्हणून लॉगिन हा सगळ्यात महागडा ऐवज आहे. नीटचा अर्ज भरतानाच मोबाइल नंबर आणि ईमेल घरचा द्या. सायबर कॅफेवाला सवयीने स्वतःचा टाकतो आणि पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. अनामत घरच्याच खात्यातून भरा. परतावा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात जातो, त्यामुळे एजंटच्या कार्डावरून भरलेली अनामत एजंटलाच परत मिळते. कितीतरी पालकांना हे वर्षभराने कळतं.

शिक्क्याचं ‘प्रोव्हिजनल अलॉटमेंट लेटर’ कुणी हातात ठेवलं तर ते बाजूला ठेवा आणि प्रत्येक फेरीनंतर एमसीसी किंवा सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर लागणारी जागावाटपाची यादी उघडा. त्यात तुमच्या मुलीचा रँक आणि कॉलेज नसेल, तर ते पत्र रद्दी आहे. फीसुद्धा तशीच तपासता येते. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते. ‘व्यक्तीच्या नावाने यूपीआय करा’ म्हटलं की उठून यावं.

पैसे परत मागितले की पुढचा गळ येतो: “परत कशाला, बाहेरच्या देशात ॲडजस्ट करतो.” राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, शिवाय त्याच संस्थेत 12 महिने इंटर्नशिप आणि शिक्षण इंग्रजीतून. यातलं एक जरी चुकलं तरी इथे डॉक्टर म्हणून नोंदणी अडते, आणि परतल्यावर परवान्याची परीक्षा आहेच. ‘आधी पॅरामेडिकल घ्या, दुसऱ्या वर्षी एमबीबीएसला वळवू’ असंही सांगतात. असा रस्ता अस्तित्वातच नाही.

पसंतीक्रमाची यादी घरी बसून भरायला एक रविवार पुरतो. मागच्या वर्षीच्या जागावाटपाच्या याद्या फुकट मिळतात. त्यात आपल्या कॅटेगरीचा शेवटचा रँक बघायचा. वाटप वरून खाली होतं, त्यामुळे आवाक्याबाहेरचं कॉलेज सर्वांत वर टाकल्याने तोटा नाही. तोटा होतो तो ज्याची फी परवडणार नाही ते खाली ‘असू दे’ म्हणून टाकल्याने. खासगी कॉलेजचं नाव यादीत घालण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी दहाला तिथल्या ओपीडीत जाऊन बसा. ससूनच्या सरकारी रुग्णालयात त्या वेळी पाय ठेवायला जागा नसते, आणि बी. जे. मेडिकलची मुलं शिकतात ती त्याच गर्दीत. संगमरवरी लॉबी आणि रिकामी बाकडी दिसली तर फोटो काढून घरी दाखवा. आणि मुलीला पेशंटपेक्षा प्रयोगशाळा आवडत असेल, तर पाषाणची आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे. तिची प्रवेश परीक्षा वेगळी आणि तिथेही कुणाची ओळख चालत नाही.

फसलाच असाल, तर आधी मूळ कागद सोडवा. ते नसतील तर कॉलेजात रिपोर्टिंगच्या दिवशी अडचण होते. सगळे पासवर्ड बदला, चॅट आणि कॉलची नोंद जपून ठेवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. रोख दिली असेल तर पालक पोलीस ठाण्याच्या पायरीवरून मागे फिरतात. डोनेशन द्यायला निघालो होतो हे लिहून द्यायची लाज वाटते. एजंट नेमका याच लाजेवर विसंबून असतो. 1987 पासून राज्यात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीच्या वर पैसे, मागणं हाच गुन्हा आहे, तेव्हा तक्रारीत ‘कॉलेजच्या सीटसाठी पैसे मागितले’ हे शब्द स्पष्ट लिहा, आणि ती ‘करिअर मार्गदर्शन’ची पावती सोबत जोडा.