ट्रेलर चांगला आहे, पण तो कुठे उभा करणार? ओरेगनच्या शेतजमिनीवरून एक अभिप्राय

ज्या ट्रेलरबद्दल लिहितेय तो २०१६ सालचा, २८ फुटी, एका बाजूची भिंत सरकून बाहेर येते असा ट्रॅव्हल ट्रेलर आहे, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर. इंडियानातल्या एल्कहार्ट भागात बनलेला. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर तिथलेच. कंपनीचं नाव देत नाही, कारण या लांबीचे आणि या किमतीचे ट्रेलर आतून जवळपास सारखेच असतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे. आम्ही तो जुना घेतला, १४,००० डॉलरला. सुट्टीत फिरायला म्हणून घेतलाच नव्हता. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, विलामेट खोऱ्यात, दादाच्या बारा एकरांच्या हेझलनटच्या (कठीण कवचाचा, बदामासारखा सुकामेवा) बागेत तो उभा आहे आणि मी त्यात बारा महिने राहते.

कारण आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आईला पार्किन्सन्स आहे. ती दादा-वहिनीकडे असते. त्यांचं घर १९६०च्या दशकातलं, दोन खोल्यांचं. वहिनी नोकरी करते, दादा बाग बघतो, आणि आईला रात्री दोन-तीनदा उठवून कूस बदलायला लागते. मी हिल्सबरोला भाड्याच्या फ्लॅटमध्ये होते, तिथून रोज रात्री येणं जमेना. आईला ट्रेलरमध्ये ठेवणं शक्यच नव्हतं. दाराच्या तीन लोखंडी पायऱ्या आणि आतला अरुंद बोळ तिच्या पायांना झेपणारा नाही. म्हणून ती घरात आणि मी ट्रेलरमध्ये. घराच्या मागच्या दारापासून माझं दार हाकेच्या अंतरावर आहे, आणि आमच्यासाठी या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण तोच आहे.

आता वस्तूबद्दल. उन्हाळ्यात ट्रेलर सुरेख. खिडक्या उघडल्या की बागेतला वारा येतो, छोटा एसी पुरतो. खरी परीक्षा नोव्हेंबरपासून सुरू होते, कारण इथे पाऊस लागला की वसंतापर्यंत हटत नाही. छपरावरचं रबर ठीक असतं, पाणी शिरतं ते सांध्यांतून: हवेच्या झडपेभोवती, कोपऱ्यांत, सरकत्या भिंतीच्या वरच्या कडेला. दादा दर सप्टेंबरला शिडी लावून प्रत्येक सांधा हाताने चाचपतो आणि नवीन सीलंट भरतो. जुना ट्रेलर बघायला गेलात तर आतल्या सजावटीकडे बघू नका. कोपऱ्यातल्या कपाटात हात घालून मागची फळी दाबून बघा. मऊ लागली तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

स्वयंपाकाचं सांगितल्याशिवाय मराठी माणसासाठी लिहिलेला अभिप्राय पुरा होणार नाही. तीन शेगड्यांचा गॅस आहे, पण डोक्यावर जेमतेम हातभर जागा आणि धुराची घंटा अगदी जवळ. मोहरी तडतडली, मिरची पडली की घंटा वाजलीच. कुकरच्या दोन शिट्ट्यांत खिडक्यांवरून पाणी ओघळायला लागतं, आणि ती ओल गादीखाली जाऊन बसते. गादीखाली हवा खेळायला जाळी घातली नाही तर महिन्याभरात बुरशी येते. ओल शोषणारं यंत्र हिवाळाभर चालू असतं. फोडणीचं सगळं आता मी वहिनीच्या ओट्यावर करते. ट्रेलरमध्ये फक्त चहा, पोहे आणि भात.

विजेचा हिशेब आधी समजून घ्या. आमचा ट्रेलर ३० अँपिअरचा आहे, म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. त्यात १,५०० वॉटचा हीटर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावला आणि पाण्याचा गीझर विजेवर असला की बटण पडतं. ५० अँपिअरच्या ट्रेलरमध्ये हा त्रास बराच कमी, पण तेवढी लाइन घरापासून ओढायला वायरमनचा खर्च आहे. ट्रेलर गरम ठेवणारी भट्टी प्रोपेन गॅसवर चालते, तरी तिचा पंखा बॅटरीवर फिरतो. २०२४च्या जानेवारीत बर्फाळ पावसाचं वादळ आलं तेव्हा फांद्या तुटून तारांवर पडल्या आणि वीज गेली. सिलिंडर भरलेले असूनही बॅटरी उतरल्यावर भट्टी थंड. त्या रात्री मी आईच्या खोलीत जमिनीवर झोपले. आता जादा बॅटरी आहे, पाण्याचा पाइप गरम राहणारा आहे, आणि खालून वारा शिरू नये म्हणून चारी बाजूंनी फोमच्या पाट्या लावल्या आहेत. हा खर्च किमतीत धरा.

इतकं करून ट्रेलर राहण्याजोगा होतो. मात्र कायदा त्याला घर मानत नाही.

दाराशेजारी एक छोटं चिकटपत्र असतं, आरव्ही उद्योगाच्या संघटनेचं. (आरव्ही म्हणजे असे ट्रेलर आणि राहण्याची सोय असलेल्या फिरायच्या गाड्या.) ते बघून विक्रेते सांगतात की सगळं प्रमाणित आहे. प्रमाणित आहे, पण कशासाठी, ते विचारा. केंद्र सरकारच्या नियमांत आरव्हीची व्याख्याच अशी आहे की ते वाहन विरंगुळ्यासाठी असतं, मुख्य निवासासाठी किंवा कायम राहण्यासाठी नसतं. १५ जून १९७६ नंतर कारखान्यात बनलेली जी फिरती घरं आहेत त्यांच्यावर बाहेरून लाल धातूची पट्टी ठोकलेली असते. ती घरं वेगळ्या, कडक मानकानुसार बनतात आणि घर म्हणून मोजली जातात. लांबून दोन्ही सारखीच दिसतील, पण बँक, विमा कंपनी आणि काउंटी (म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन) त्या पट्टीवरून ठरवतात. कित्येक कंपन्यांच्या वॉरंटीतही लिहिलेलं असतं की कायम राहायला वापरलं तर वॉरंटी संपली. विमाही पूर्णवेळ राहणाऱ्यांसाठीचा वेगळा काढावा लागतो.

आई अजूनही विचारते, "आपल्याच रानात आपण राहायचं, त्याला परवानगी कसली?" सातारा जिल्ह्यातल्या तिच्या गावी शेतातल्या वस्तीवर पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत आली आहेत, तिचा प्रश्न रास्त आहे. ओरेगनचं उत्तर १९७३ सालचं आहे. त्या वर्षी राज्यपाल टॉम मॅकॉल यांच्या काळात सिनेट बिल १०० मंजूर झालं आणि सबंध राज्याला जमीन-नियोजन लागू झालं. प्रत्येक शहराभोवती वाढीची हद्द आखली गेली. हद्दीबाहेरची चांगली जमीन बहुतेक ठिकाणी फक्त शेतीसाठी राखली गेली, त्या पट्ट्याला इथे ईएफयू म्हणतात. दादाची बाग त्यात येते. या पट्ट्यात शेतजमिनीचा नवा तुकडा साधारणपणे ८० एकरांखाली पाडता येत नाही, चराऊ रानाचा १६० एकरांखाली. सुपीक जमिनीवर शेतकरी म्हणून नवं घर बांधायचं तर त्या शेतीतून वर्षाला ८०,००० डॉलरचं ढोबळ उत्पन्न दाखवावं लागतं, गेली दोन वर्षं सलग किंवा पाचांतली तीन वर्षं. आमची बारा एकरांची बाग त्याच्या जवळपासही जात नाही. दादाचं घर कायद्याच्या आधीचं म्हणून आहे.

हा नियम मला पटतो, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते. अमेरिकेतलं जवळजवळ सगळं हेझलनट या एका खोऱ्यात पिकतं. हिल्सबरोला चिपचे कारखाने जिथे संपतात तिथे रस्त्याच्या पलीकडे एकदम शेत सुरू होतं, मध्ये फुटकळ वसाहती नाहीत. पुण्याभोवतीची शेतं गुंठा-गुंठा करून कशी गेली ते मी बघितलं आहे. प्रत्येक शेतात एक ट्रेलर, मग दोन, मग भाड्याने पाच, असं होऊ लागलं तर सांडपाणी विहिरीत जाईल आणि फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याविरुद्ध तक्रारी सुरू होतील.

पण याच कायद्यात एक दार ठेवलेलं आहे, आणि आम्ही त्यातूनच आत आलो. आधीपासून घर असलेल्या शेतजमिनीवर, तिथे राहणाऱ्या माणसाला किंवा त्याच्या नातेवाइकाला आजारपणाची अथवा म्हातारपणाची अडचण असेल, तर तेवढ्या काळापुरतं एक फिरतं घर किंवा आरव्ही ठेवता येतं. आम्ही ट्रेलर घेण्याआधीच काउंटीच्या नियोजन खात्यात गेलो. तिथल्या बाईंनी नकाशा उघडून बाग कोणत्या पट्ट्यात येते ते दाखवलं, अर्जाचे कागद समोर ठेवले आणि कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते पेन्सिलीने खुणा करून दिलं. घाई केली नाही. सरकारी खिडकीवर अशी सेवा मिळाली तर ती चांगली म्हणायलाच हवी.

अर्जाला लागलं ते असं: डॉक्टरांचं पत्र, जागेचा आराखडा आणि सेप्टिकची, म्हणजे सांडपाण्याच्या जमिनीखालच्या टाकीची, संमती. सगळ्यात वेळखाऊ सेप्टिकच. ट्रेलरला स्वतंत्र शोषखड्डा करता येत नाही. घराच्याच सेप्टिकला जोडायचा, आणि ती टाकी जादा भार घेईल की नाही हे आधी तपासून घ्यायचं. आमची टाकी उपसून बघावी लागली. शिवाय जमिनीच्या नोंदीला एक करार जोडावा लागतो: शेजारच्या शेतीची धूळ, वास, फवारणी, आवाज यांबद्दल आम्ही दावा लावणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जमिनीवर पडलेले हेझलनट यंत्राने झाडून ओळीत लावतात तेव्हा इतकी धूळ उडते की माझ्या खिडक्या आठवडाभर बंद असतात. तरी त्या करारावर सही करताना मला काही वाटलं नाही. शेतात राहायला मी आले, शेत माझ्याकडे आलेलं नाही.

मला जे सलतं ते पुढचं आहे. परवान्याचा दर दोन वर्षांनी फेरविचार होतो, पुन्हा डॉक्टरांचं पत्र लागतं. आणि अडचण संपली की तीन महिन्यांच्या आत ट्रेलर हलवायचा. आमच्या बाबतीत अडचण संपणं म्हणजे काय, ते मी इथे लिहीत नाही. ज्या घरात माणूस जाईल त्या घराला दिवसकार्य आटपून, कागदपत्रं निस्तरून, रडून घ्यायलाही तीन महिने पुरत नाहीत. त्यात ज्या मुलीने शुश्रूषा केली तिने नवं घर शोधायचं. शेतजमीन वाचवायला तीन महिन्यांची मुदत कशाला हवी? एक वर्ष दिलं तर एक इंचही जमीन जाणार नाही. याबद्दल मी आमच्या भागाच्या प्रतिनिधीला पत्र लिहिलं आहे, आणि इथे राहणाऱ्या, अशा परवान्यावर असलेल्या प्रत्येकाने लिहावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कायदा बदलतो, म्हणून हे सांगते. पोर्टलंड शहराने २०२१ मध्ये घराच्या आवारात एक आरव्ही किंवा चाकांवरचं छोटं घर राहायला परवानगी दिली. २०२० च्या सप्टेंबरात आल्मेडाच्या आगीत टॅलेंट आणि फीनिक्स या गावांतल्या फिरत्या घरांच्या वसाहती जळाल्या, त्यानंतर आगीने बेघर झालेल्यांना आपल्या जमिनीवर तात्पुरता आरव्ही ठेवता यावा म्हणून विधिमंडळाने वाट काढली. २०२३ मध्ये सिनेट बिल १०१३ आलं: शहराच्या हद्दीबाहेरच्या ग्रामीण निवासी पट्ट्यात, मालक स्वतः तिथे राहत असेल तर, काउंटीला वाटल्यास एक आरव्ही भाड्याने राहायला देता येतो, पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय मालकाने करायची. हे ईएफयूला लागू नाही आणि प्रत्येक काउंटीवर बंधनकारकही नाही. म्हणून एका काउंटीतल्या मित्राचं ऐकून दुसऱ्या काउंटीत जमीन घेऊ नका.

मोकळी जमीन घेऊन तिच्यावर ट्रेलर लावून राहायचा विचार करणारे बरेच मराठी लोक मला भेटतात, विशेषतः घरांच्या किमती ऐकून थकलेली तरुण जोडपी. त्यांना माझा सल्ला: या ट्रेलरला राहण्यासाठी पाचांपैकी तीन तारे, आजारी माणसाजवळ राहायला मिळावं म्हणून पाच, आणि मोकळ्या शेतजमिनीवर संसार थाटायला एकही नाही. ट्रेलर बघायला जाण्याआधी जमिनीचा नकाशा क्रमांक घेऊन काउंटीच्या खिडकीवर जा आणि तीन गोष्टी लेखी घ्या: पट्टा कोणता, जमिनीवर कायदेशीर घर आधीपासून आहे का, आणि सेप्टिकची शेवटची नोंद कधीची. विक्रेता "इथे कुणी विचारत नाही" म्हणाला तर तेही त्याच्याकडून लेखी मागा.