जुना फोरट्रान प्रोग्राम समांतर करताना: ओपनएमपी, एमपीआय की जीपीयू?

ठाण्याच्या खाडीतील भरती-ओहोटीचे गणित सोडवणारा एक जुना फोरट्रान प्रोग्राम आपल्याकडे वारशाने आला आहे, तो प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणना करणाऱ्या एकाच भागावर) रात्रभर चालतो आणि आता तो समांतर, म्हणजे अनेक कोअरवर एकाच वेळी चालेल असा, करायचा आहे, असे धरून चालू. पर्याय मुख्यतः चार आहेत: काम कम्पायलरवर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनावर) सोपवणे, ओपनएमपी (एकाच मेमरीवर अनेक कोअरना कामाला लावणाऱ्या सूचना), एमपीआय (स्वतंत्र मेमरी असलेल्या प्रक्रियांमध्ये संदेशांची देवाणघेवाण) आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्डावरील गणना). यांपैकी कोणता घ्यायचा हे ठरवताना बहुतेक जण वेगाचे आकडे पाहतात. माझ्या मते आधी पाहावे ते हे की आपला सगळा डेटा एका यंत्राच्या मेमरीत मावतो की नाही.

त्याहीआधी प्रोफाइलर, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक भागाला लागणारा वेळ मोजणारे साधन, चालवून वेळ नेमका कुठे जातो ते पाहणे आवश्यक आहे. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब निर्दय आहे: कामाचा ५ टक्के भाग एकापाठोपाठ एकच होणार असेल, तर १६ कोअरवर वेग जेमतेम ९ पट वाढतो आणि कितीही कोअर लावले तरी २० पटींच्या पुढे जात नाही. दर कालपायरीला (गणितात काळ पुढे सरकवण्याच्या प्रत्येक टप्प्याला) निकाल मजकुराच्या स्वरूपात फाइलमध्ये लिहिणारी एखादी सबरुटीनसुद्धा (उपप्रोग्रामसुद्धा) हा ५ टक्क्यांचा वाटा सहज खाऊन टाकते.

कम्पायलरच्या स्वयंचलित समांतरीकरणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ज्यांच्या फेऱ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत अशा साध्या लूप (पुनःपुन्हा चालणारे भाग) तो ओळखतो; पण लूपच्या आत दुसऱ्या फाइलमधील सबरुटीन बोलावली असेल किंवा एका अॅरेचा (संख्यांच्या रांगेचा) निर्देशांक दुसऱ्या अॅरेतून येत असेल, तर तो सावधपणे माघार घेतो, आणि ते योग्यच आहे. मात्र कोणती लूप का सोडली याचा जो अहवाल तो देतो, तो पुढच्या कामासाठी फुकटात मिळालेला नकाशा असतो.

ओपनएमपीचे फोरट्रानसाठीचे पहिले मानक १९९७ मध्ये आले. त्याचा मोठा गुण म्हणजे मूळ प्रोग्राम शाबूत राहतो: लूपच्या वर सूचनेची ओळ लिहायची, आणि कम्पायलरला ओपनएमपीचा पर्याय दिला नाही तर तीच ओळ निव्वळ टिप्पणी ठरते. काम एकेका लूपने पुढे नेता येते आणि दर टप्प्यावर निकाल पडताळता येतो. अडचण येते ती जुन्या सवयींमुळे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, त्या पिढीत मेमरी अपुरी असे आणि कॉमन ब्लॉकमधील, म्हणजे सामायिक मेमरीतील, जागा अनेक सबरुटीन वाटून वापरत. आज तीच जागा सोळा थ्रेड (एकाच प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे) एकाच वेळी लिहू लागले की उत्तर दर खेपेस वेगळे येते. याहून छुपा धोका असा की फोरट्रानमध्ये ज्या स्थानिक चलाला घोषणेतच आरंभमूल्य दिले असेल, ते आपोआप ‘सेव्ह’ (सबरुटीन संपल्यावरही मूल्य जपणारे) धरले जाते, म्हणजे सगळ्या थ्रेडमध्ये सामायिक होते. अशी चले शोधून काढल्याशिवाय एकही सूचना लिहू नये.

एमपीआयचे पहिले मानक १९९४ चे. येथे प्रत्येक प्रक्रियेची (स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रोग्रामच्या प्रतीची) मेमरी स्वतंत्र असते, त्यामुळे खाडीवर आखलेल्या गणनाबिंदूंच्या जाळीचे तुकडे करून शेजाऱ्यांच्या कडेची मूल्ये संदेशाने मागवावी लागतात. १०२४ गुणिले १०२४ बिंदूंची जाळी १६ प्रक्रियांत चौरस तुकड्यांनी वाटली, तर आतल्या तुकड्याला ६५,५३६ बिंदूंसाठी १,०२४ मूल्ये मागवावी लागतात. आडव्या पट्ट्या केल्या तर बिंदू तितकेच, पण मूल्ये २,०४८. खाडीच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. चौकोनी जाळीतला बराच भाग जमीन असतो, आणि कांदळवनाच्या दलदलीचे बिंदू भरतीला ओले तर ओहोटीला कोरडे होतात, म्हणून सारखे तुकडे केले तरी काम सारखे वाटले जात नाही. ओपनएमपीत वाटपाची पद्धत एका शब्दाने बदलता येते. एमपीआयमध्ये तुकड्यांची आखणीच नव्याने करावी लागते. शिवाय दोन प्रक्रियांनी आधी पाठवायचे आणि मग घ्यायचे असे लिहिले असेल, तर लहान संदेश बफरमधून (तात्पुरत्या साठवणीतून) निभावून जातात आणि मोठ्या जाळीवर मात्र प्रोग्राम मुकाट अडकून बसतो.

एवढा खटाटोप करायचा तो डेटा एका यंत्रात मावत नसेल किंवा अनेक नोड (जाळ्याने जोडलेले स्वतंत्र संगणक) खरोखरच लागणार असतील तरच. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘अनुपम’ मालिकेसारखे संगणक अनेक नोड जोडून बनलेले असतात आणि तेथे एमपीआयला बगल देता येत नाही. खाडीची वरील जाळी मात्र साध्या लॅपटॉपमध्येही मावते. तिच्यासाठी मी निःशंकपणे ओपनएमपी निवडेन.

जीपीयूचे आकर्षण समजण्यासारखे आहे. एनव्हीडियाच्या ए१०० कार्डाच्या ४० जीबी आवृत्तीत मेमरीचा वेग सेकंदाला सुमारे १,५५५ जीबी आहे. पण ते कार्ड मुख्य संगणकाला ज्या मार्गाने जोडलेले असते, त्याचा वेग एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ जीबीच असतो. दर कालपायरीला अॅरे इकडून तिकडे हलवले तर मिळवलेले सगळे त्या वाटेवरच संपते. ओपनएसीसीच्या (जीपीयूसाठीच्या, ओपनएमपीसारख्या) सूचनांनी सुरुवात सोपी होते, तरी डेटा कार्डावरच राहील अशी रचना करावीच लागते. ओपनएमपीसाठी स्वच्छ केलेल्या लूप येथेही उपयोगी पडतात, म्हणून क्रम तोच ठेवावा.

पाण्याची पातळी गाउस-सायडेल पद्धतीने, म्हणजे एकामागून एक बिंदूचे मूल्य सुधारत वारंवार आवर्तने करून, काढली जात असेल, तर चारही पर्याय एकाच जागी अडतात, कारण प्रत्येक बिंदू शेजाऱ्याच्या नुकत्याच बदललेल्या मूल्यावर अवलंबून असतो. बुद्धिबळाच्या पटासारखे बिंदू दोन रंगांत वाटून एकेका रंगाचे सर्व बिंदू एकदम सोडवणे हा रुळलेला उपाय आहे. त्याने आवर्तनांची संख्या बदलते आणि उत्तराचे शेवटचे काही अंकही. थ्रेडनिहाय बेरजांचा क्रम बदलल्यानेही तेच होते. म्हणून जुन्या निकालाशी किती फरक चालेल, ही मर्यादा पहिली सूचना लिहिण्यापूर्वीच मार्गदर्शकांशी बोलून ठरवून ठेवावी आणि प्रत्येक बदललेल्या लूपनंतर तिच्याशी ताडून पाहावे.